ग्रासकटरसाठी घरात पेट्रोल ठेवतो. सांडून आग लागलीच तर बादलीभर पाणी पुरेल का?

नाही. पेट्रोलच्या आगीवर बादलीने पाणी मारायचं नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगतं आणि पेटलेलंच पाण्याबरोबर वाहत जातं. याच गोष्टीवरून आमच्या घरात जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संगमेश्वरकडे आमची आंब्याची कलमं आहेत. पाऊस सरला की गवत काढायला ग्रासकटर लागतो. त्या दिवशी गड्याने मशीन बंद करून लगेच पडवीत आणलं आणि चुलत दादांनी तिथंच प्लास्टिकच्या कॅनने टाकी भरायला घेतली. मी म्हटलं, "दादा, सायलेन्सर तापलाय, जरा थांबा आणि बाहेर खळ्यात (अंगणात) घ्या." "इतकी वर्षं भरतोय," हे उत्तर. कॅनचं तोंड रुंद, टाकीचं अरुंद. बरंच पेट्रोल कोब्यावर सांडलं. कोब्याला उतार न्हाणीकडे, आणि न्हाणीत चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं.

चूल लांब आहे, मध्ये भिंत आहे, मग काय होतंय, असंच सगळ्यांना वाटतं. पण पेटतं ते पातळ पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. उणे ४० अंशालासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ निघते, कोकणातल्या ऑक्टोबरच्या उकाड्याचं तर विचारूच नका. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत सरपटते, उंबरठ्यावरून खाली उतरते. न्हाणीच्या दारातून ज्वाळ कोब्यावरून उलटी पडवीकडे धावत आली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दादांनी बादली उचलली. मी "पाणी नको, पाणी नको" ओरडेपर्यंत ती रिकामी झाली होती. पेटतं पेट्रोल त्या पाण्यावरून पायरी उतरलं आणि फाट्यांच्या, म्हणजे जळाऊ लाकडांच्या ढिगाला लागलं.

गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कामाला आणलेली कोरडी रेती खळ्यात पडली होती. गडी आणि मी घमेल्यांनी ती टाकत सुटलो, आधी कडेला, मग आत आत, जोराने फेकायची नाही, नाहीतर पेट्रोल उडतं. वहिनींनी मुलांना मागच्या दाराने बाहेर काढलं. कोबा विझला. फाटी जळतच होती, तिच्यावर पाणी ओतलं, कारण लाकडाच्या आगीला पाणीच योग्य. आणि एवढ्यावरून दादा आजही प्रत्येक कार्यात सांगतात की आग शेवटी पाण्यानेच विझली! लाकूड पाण्याने विझलं, दादा. पेट्रोल रेतीने विझलं.

आता तुमचं. घरात पेट्रोल ठेवूच नका. वेगळ्या, हवेशीर मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात ठेवा, चूल, देवघर, इन्व्हर्टर यांपासून लांब. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण भांडं घट्ट झाकणाचं हवं: काचेचं किंवा चिनीमातीचं १ लिटरपर्यंत, धातूचं २५ लिटरपर्यंत. त्यात प्लास्टिक नाही. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवणं हा तर गुन्हाच समजा, घरातलं मूल पिऊन बसेल. डबा काठोकाठ भरू नका, उन्हात ते फुगतं. पंपावर डबा जमिनीवर ठेवूनच भरा, नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी उडत नाही. नळीने तोंडाने पेट्रोल ओढणं बंद करा. कोणी गिळलंच तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा.

नुसतं सांडलं, पेटलं नाही, तर आधी चूल आणि गॅस बंद, मग सगळे बाहेर. दिव्याचं बटण चालू नको आणि बंदही नको, गाडीला किक नको. वास गेला की कोरडी माती टाकून ती भरून लांब न्या. गटारात किंवा विहिरीच्या बाजूला धुऊन लावू नका, तेच पाणी आपण पितो. कपड्यांवर सांडलं तर तसेच चुलीपाशी जाऊ नका.

मांगराच्या दाराबाहेर आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर टांगा. वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळेवर नव्हे, बुडाशी मारा.

एक सांगायचं राहिलं. रेती आणि सिलिंडर, दोन्ही लहान आगीपुरतं. डबाच पेटला असेल, छताला झळ लागत असेल, तर काही न करता बाहेर पळा आणि १०१ किंवा ११२ लावा. माणसाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याला पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा, जाड घोंगडी टाका. भाजलेल्या जागेवर मात्र साधं वाहतं पाणी, चांगली वीस मिनिटं. टूथपेस्ट नको, तूप नको.

आणि तुमच्याही घरात कोणी वडीलधारे "पाणी आणा, पाणी आणा" करणारे असतील तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. मांगराच्या दाराशी कोरड्या रेतीच्या दोन बादल्या भरून ठेवा आणि पाण्याची बादली तिथून हलवा.