जीएसटी परताव्याचा प्रश्न संसदेत वाया का गेला, आणि पुन्हा कसा विचारायचा

आधी धाग्यातला मूळ प्रश्न थोडक्यात. निर्यातदारांच्या एका संघटनेने आपल्या खासदारांमार्फत लोकसभेत विचारलं: जीएसटीचे परतावे वेळेवर मिळत नाहीत हे खरं आहे का, आणि असल्यास सरकार काय करत आहे? अर्थ मंत्रालयाचं उत्तर आलं की परतावे कायद्याने ठरवलेल्या मुदतीत दिले जातात आणि प्रक्रिया सुलभ करण्यासाठी वेळोवेळी पावलं उचलली आहेत. संघटनेचं म्हणणं, हे धडधडीत खोटं आहे, आता काय करायचं?

खोटं नाही. तीच तर गोम आहे.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ५४(७) नुसार परताव्याचा आदेश ६० दिवसांत काढायचा असतो, पण हे ६० दिवस मोजायचे ते 'सर्व बाबतींत पूर्ण' असा अर्ज मिळाल्यापासून. अर्ज आला की १५ दिवसांत अधिकारी एकतर आरएफडी-०२ ही पोच देतो, नाहीतर आरएफडी-०३ हा त्रुटीपत्राचा नमुना काढतो. आरएफडी-०३ निघाला की तो अर्ज संपला. तुम्ही नव्याने अर्ज करायचा आणि घड्याळ शून्यापासून सुरू. एकाच तिमाहीच्या दाव्यावर दोनदा त्रुटीपत्र आलं तर तुमच्या हिशेबाने पाच महिने गेले आणि खात्याच्या हिशेबाने परतावा ५५ व्या दिवशी मंजूर झाला. दोन्ही हिशेब बरोबर.

दुसरी गफलत तुमच्या प्रश्नातच आहे. 'निर्यातीचा परतावा' नावाची एक गोष्ट नसते. आयजीएसटी (निर्यातीच्या मालावर लागणारा एकात्मिक जीएसटी) भरून माल पाठवला तर शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्काकडे भरलेला निर्यातीचा कागद, हाच परताव्याचा अर्ज मानला जातो (नियम ९६), काम सीमाशुल्काच्या संगणक प्रणालीतून होतं आणि बहुतेकांचे पैसे लवकर येतात. हमीपत्रावर, म्हणजे एलयूटीवर, कर न भरता माल पाठवला तर साचलेल्या इनपुट क्रेडिटसाठी (खरेदीवर आधीच भरलेल्या कराच्या जमेसाठी) आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज भरावा लागतो आणि तो तुमच्या हद्दीतल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो. रडारड सगळी या दुसऱ्या रांगेत. तुम्ही दोन्ही एकत्र विचारलंत, मंत्रालयाने दोन्ही एकत्र मोजून उत्तर दिलं, आणि पहिल्या रांगेच्या वेगात दुसरीचा खोळंबा बुडाला. पहिल्या रांगेतही अडकलेले लोक आहेतच: ज्यांना जोखमीचे निर्यातदार ठरवून पडताळणीसाठी थांबवलंय ते. त्यांचा प्रश्न पूर्ण वेगळा, तो यात घुसडू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे 'हे खरं आहे का' ही सुरुवात. आपल्या विधिमंडळातल्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांच्या याद्या वाचून ही सवय लागते. 'हे खरे आहे काय. असल्यास, त्याचे स्वरूप काय आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि समोर उत्तर: 'हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही.' एका नकाराने तिन्ही दारं बंद. नकार देताच येणार नाही असं विचारायचं असेल तर जी नोंद खात्याकडे असणारच ती मागा. मी असा मसुदा करेन:

(अ) गेल्या ३ आर्थिक वर्षांत एलयूटीवर केलेल्या निर्यातीच्या साचलेल्या इनपुट क्रेडिटसाठी केंद्रीय कर अधिकाऱ्यांकडे किती आरएफडी-०१ अर्ज आले आणि किती रकमेचे, वर्षनिहाय व झोननिहाय;
(ब) त्यांपैकी किती अर्जांवर आरएफडी-०३ काढण्यात आला;
(क) परिपूर्ण अर्ज मिळाल्यानंतर ६० दिवस उलटून किती प्रकरणांत मंजुरी आदेश निघाले, आणि कलम ५६ खाली किती व्याज देण्यात आलं;
(ड) प्रत्येक वर्षाच्या ३१ मार्च रोजी ६० दिवसांहून जुने किती अर्ज प्रलंबित होते?

यातला (क) नीट बघा. उशीर झाला का, हे विचारायचंच नाही. उशीर झाला तर कायद्याने ६ टक्क्यांपर्यंत व्याज द्यावं लागतं. ते किती दिलं एवढंच विचारायचं. आकडा मोठा आला तर उशीर कबूल झाला. ६० दिवसांनंतरचे आदेश भरपूर आणि व्याज मात्र नगण्य, असं आलं तर त्याहून मोठी गोष्ट हाती लागली: उशीर झाला आणि व्याजही दिलं नाही. पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न आयता तयार.

'झोननिहाय' हा शब्द मुद्दाम आहे. जिल्हानिहाय मागितलंत तर 'अशी माहिती जिल्हानिहाय ठेवली जात नाही' हे उत्तर ठरलेलं, कारण खात्याची रचना जिल्ह्यांवर नाहीच. केंद्रीय जीएसटीचे महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर असे झोन आहेत. गोव्यातल्या सदस्यांनी तर जास्तच जपून राहावं: गोव्याचं केंद्रीय जीएसटी आयुक्तालय पुणे झोनमध्ये येतं, पण तिथला प्राप्तिकर कर्नाटक-गोवा विभागात, म्हणजे बंगळुरूकडे. 'गोव्यातल्या करदात्यांची प्रलंबित प्रकरणं' असं सरसकट विचारलं की अर्धं उत्तर एका बाजूने यायचं राहतं.

'केंद्रीय कर अधिकाऱ्यांकडे' हेही तसंच. जीएसटीत दीड कोटीपेक्षा कमी उलाढालीच्या करदात्यांपैकी ९० टक्के राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे, त्यावरचे निम्मे-निम्मे, अशी वाटणी सुरुवातीलाच झाली. तुमच्या संघटनेतले बरेच लहान निर्यातदार राज्याच्या, म्हणजे माझगावच्या राज्य जीएसटी मुख्यालयाच्या, अखत्यारीत असणार. त्यांच्याबद्दल केंद्राच्या अर्थमंत्र्यांना विचारून उपयोग नाही. तो प्रश्न आमदारामार्फत राज्याच्या वित्त विभागाला जायला हवा. आधी सदस्यांच्या नोंदणीवरून कोण केंद्राकडे आणि कोण राज्याकडे ते काढा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते न करताच लोक दिल्लीला पोचतात.

आता प्रक्रिया. लोकसभेत सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. मंत्रालयांचे पाच गट करून त्यांना सोमवार ते शुक्रवार वाटून दिलेले असतात. सध्याच्या वाटपात अर्थ मंत्रालयाचा वार लोकसभेत सोमवार आणि राज्यसभेत मंगळवार. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न निघतात, राज्यसभेत १५ आणि १६०. क्रम चिठ्ठीने ठरतो. अर्थ मंत्रालयासाठी गर्दी नेहमीच जास्त, त्यामुळे एकाच खासदारावर विसंबू नका. दोघा-तिघांनी सारखाच प्रश्न दिला तर सचिवालय तो एकत्र करून सगळ्यांची नावं त्यावर घालतं, नुकसान काही नाही.

तारांकित की अतारांकित, याबद्दल लोकांचा कल उगाचच ताऱ्याकडे असतो. प्रश्नाच्या तासात वीसपैकी चार-पाचच प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोचतात, उरलेल्यांची उत्तरं लेखीच पटलावर येतात. आकडे हवेत तर अतारांकित उत्तम. त्याचं उत्तर परिशिष्टासह येतं, संकेतस्थळावर कायम राहतं आणि पुढच्या पत्रव्यवहारात जोडता येतं. तारांकित तेव्हा, जेव्हा आकडे आधीच हातात आहेत आणि मंत्र्यांकडून एका धोरणावर हो किंवा नाही काढायचं आहे. मूळ सदस्याला उत्तरानंतर जागेवरच साधारण दोन पुरवणी प्रश्न विचारायला मिळतात. ते एकेका वाक्याचे ठेवायला सांगा. तीन मिनिटांचं भाषण झालं की मंत्री त्यातला सोपा भाग उचलून उत्तर देतात. समोर तयारीही पूर्ण असते: महसूल विभाग तारांकित प्रश्नाबरोबर संभाव्य पुरवणी प्रश्नांची टिपणी मंत्र्यांना देतो आणि अधिकारी दीर्घेत बसून चिठ्ठ्या पाठवतात.

प्रश्न कुठे नाकारला जातो? लोकसभेच्या नियम ४१ मध्ये यादी आहे. युक्तिवाद, टोमणे, विशेषणं नकोत. मत किंवा काल्पनिक स्थिती विचारू नये. न्यायालयात चालू असलेलं नको. सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहिती नको. करांच्या बाबतीत शेवटचा नियम फार नडतो. 'एकूण किती कर थकबाकी आहे' हे विचारणं वाया, कारण अर्थसंकल्पाबरोबरच्या प्राप्ती अंदाजपत्रकात ते विवरण असतंच, वादग्रस्त आणि निर्विवाद असं वेगळं करून, किती वर्षं जुनी त्या गटांसह. करसवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचंही तिथेच. त्याच्या पुढचं विचारा: १० वर्षांहून जुन्या निर्विवाद थकबाकीपैकी किती रकमेत करदात्याचा पत्ता लागत नाही, किती रकमेत मालमत्ता उरलेली नाही. आणि एखाद्या कंपनीचं नाव घालून तिचं कर प्रकरण विचारू नका. करदात्याची माहिती गोपनीय, हे उत्तर मिळेल आणि तिथे ते योग्यही आहे.

जीएसटीच्या दराबद्दल विचारलं की 'दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीवरून ठरतात' हे वाक्य येतंच. टाळाटाळ वाटली तरी घटनेच्या अनुच्छेद २७९अ प्रमाणे ते खरं आहे. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे एकटं केंद्र काही करू शकत नाही, पण केंद्राशिवायही काही होत नाही. म्हणून 'दर कमी करणार का' असं न विचारता 'या वस्तूचा विषय फिटमेंट समितीपुढे (परिषदेला दर सुचवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीपुढे) कधी आला आणि तिची शिफारस काय होती' असं विचारा.

उत्तर आल्यावर सगळ्यात आधी डाव्या कडेचे कंस बघा. (अ) ते (ड) एकत्र बांधून तीन परिच्छेदांचं उत्तर आलं असेल तर प्रत्येक उपप्रश्न पेन्सिलीने टिपत जा. बहुतेक वेळा एक गळालेला असतो, आणि तो नेमका व्याजाचा असतो. मग शब्द. 'माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल' हे वाक्य आलं तर नाराज होऊ नका, खूश व्हा. ते आश्वासन ठरतं, ३ महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते, मुदतवाढ मागितली तर कारण विचारते. याउलट 'माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही' हे आश्वासन नाही, ती बंद गल्ली आहे. तिथे पुढचा प्रश्न असा घालावा: कलम ५६ खालच्या व्याजाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षावर पडतो आणि त्यावर वर्षात किती खर्च झाला? खर्च झाला म्हणजे हिशेब आहे. उत्तरात सरळ चूक सापडली तर लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली खासदार ती लेखी दाखवून देऊ शकतात. हे हत्यार फार कमी लोक वापरतात.

प्रश्नाने जे निघत नाही ते समितीत निघतं. वित्तविषयक स्थायी समितीत ३१ सदस्य (लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०) असतात. अनुदानाच्या मागण्या (मंत्रालयाच्या वर्षाच्या खर्चाचे प्रस्ताव) तपासताना ती मंत्रालयाला आधी लेखी प्रश्नावली पाठवते, मग सचिवांना बोलावते, आणि तोंडी अपुरं राहिलेलं नंतर पुन्हा लेखी मागवते. तिथे तासाची घाई नसते आणि कॅमेराही नसतो, म्हणून अधिकारी बरेच मोकळेपणाने बोलतात. निवेदन पाठवायचं तर मागण्यांची तपासणी सुरू होण्याआधी, दोन पानांत आणि आकड्यांसह. लोकलेखा समितीचं काम झालेल्या हिशेबावर, कॅगच्या, म्हणजे महालेखापरीक्षकांच्या, अहवालांवरून. तिथली ताकद कळायला एकच उदाहरण पुरे: २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन वर्षांत जीएसटी भरपाई उपकराचे (राज्यांची महसुली तूट भरून देण्यासाठीच्या उपकराचे) ४७,२७२ कोटी रुपये भरपाई निधीत कमी वळते झाले, हे कॅगने लेखे तपासताना दाखवलं. मंत्रालयाने खुलासा दिला, पण आकडा कुणाला नाकारता आला नाही. प्रश्नाच्या तासात 'उपकर योग्य रीतीने वापरला जातो का' असं विचारून हे कधीच निघालं नसतं.

शेवटी एक सावधगिरी, कारण धाग्यात कुणीतरी 'खासदारांच्या कार्यालयातून आपणच पोर्टलवर (खासदार प्रश्न ऑनलाइन देतात तिथे) टाकू' असं सुचवलंय. अजिबात नको. मसुदा कागदावर द्या, आधाराचे कागद जोडा, टाकायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. पोर्टलचा लॉगिन बाहेरच्या माणसाला दिल्याच्या प्रकरणात लोकसभेने डिसेंबर २०२३ मध्ये एका सदस्याची हकालपट्टी केली. पैशाचा तर विषयच काढू नये: डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांतल्या मिळून ११ जणांचं सदस्यत्व गेलं. आणि व्यापारी संघटनांसाठी जास्त बोचरं उदाहरण १९५१ चं आहे. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर ठपका आला तो मुंबईच्या सराफ बाजारातल्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिची बाजू संसदेत मांडल्याचा. मागण्यांत मुद्रांक शुल्काचा विषयही होता. मागणी रास्त होती की नव्हती, हे त्यानंतर कुणी विचारलंसुद्धा नाही.