मीच त्याचा मोबाईल झाले

मृग लागून आठवडा झाला होता. बेळगावात पाऊस एकदा धरला की दिवसदिवस उघडत नाही. अशाच एका दुपारी वडगावहून एक आई माझ्याकडे सल्ला विचारायला आल्या. कडेवर चार वर्षांचा मुलगा, मुलाच्या हातात मोबाईल. छत्री मिटताना पाण्याचे थेंब त्याच्या गालावर उडाले, तरी त्यानं मान वर केली नाही. (घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथं बाळू म्हणू.)

"मॅडम, मोबाईल सोडंनाच झालंय बघा हे पोरगं," त्या म्हणाल्या. "काढून घेतला की भिंतीला डोकं आपटून घेतंय. जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल. ह्या पावसात भायर तरी कुठं सोडू? मोबाईल न देता घरात रमवायचं कसं, तेवढं सांगा."

पावसाळ्यात हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. शहापूरच्या आया येतात, अनगोळच्या येतात, खानापूर-निपाणीकडून फोन येतात. काळजी खरी असते. घर दोन खोल्यांचं, अंगण चिखलाचं, अंगणवाडीला पावसामुळे खाडे, आणि आईच्या मागे काम.

मी त्यांना खेळ सांगितले. कागदाच्या होड्या, ठसे, भातुकली, गोष्टी, लपाछपी, कणकेचे प्राणी, असे दहा-बारा प्रकार कागदावर लिहूनच दिले. त्या मन लावून ऐकत होत्या. मला वाटलं, काम झालं.

आठ दिवसांनी त्या परत आल्या त्या डोळ्यांखाली काळं घेऊन. "तुम्ही लिहून दिलेलं सगळं केलं. होडी केली, पाच मिनिटं खेळला. 'आता काय?' म्हणाला. ठसे केले. 'आता काय?' रात्री बारापर्यंत काम ओढते, कारण दिवसभर ह्येच्यासमोर नाचते. मॅडम, मी चालू असले की गप, मी थांबले की रडतंय. आता मीच त्याचा मोबाईल झाले."

या वाक्यानं मला थांबवलं. चूक त्यांची नव्हती, माझ्या सल्ल्याची होती. कार्टूनमध्ये दर काही सेकंदांनी चित्र बदलतं, एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, आणि बघणाऱ्याला बोटसुद्धा हलवावं लागत नाही. बाळूला सवय लागली होती ती दुसऱ्या कुणीतरी आपल्याला रमवत राहण्याची. माझ्या यादीनं ती सवय तशीच ठेवली, फक्त रमवण्याचं ओझं आईच्या अंगावर टाकलं. तेव्हापासून मी कुणालाही खेळांची यादी देत नाही.

मग मी त्यांना एकच काम दिलं. तीन दिवस, मोबाईल मुलाच्या हातात किती वाजता जातो आणि त्या वेळी आपण काय करत असतो, एवढंच लिहायचं. काही बदलायचं नाही. वहीतून स्पष्ट झालं: मोबाईल दिवसाला साडेचार ते पाच तास, आणि त्यातले तीन तास दुपारी दोन ते पाच. त्या वेळी त्या मागीलदारी कांड्या भरत असतात, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळत असतात. वडगाव, शहापूर, खासबाग भागात अजून घराघरांत माग आहेत. बाळूच्या वडिलांचे दोन पॉवरलूम आहेत, आणि कांड्या भरल्या नाहीत तर त्या ज्यात बसतात ते मागाचे धोटे रिकामे राहतात. म्हणजे बाई हौसेनं मोबाईल देत नव्हत्या. पोटाचं काम चालू राहावं म्हणून देत होत्या. 'आईनं जरा वेळ द्यावा' असं सांगणाऱ्यांनी हे तीन तास बघावेत.

लहान मुलांच्या डॉक्टरांच्या भारतीय संघटनेनं २०२१ साली जे मार्गदर्शन दिलं, त्यात दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीनं, असं म्हटलं आहे. बाळू त्याच्या चौपट-पाचपटीवर होता. पण हा आकडा मी त्या दिवशी त्यांना सांगितला नाही. आधीच खचलेल्या आईला आकडा सांगून काही मिळत नाही.

मी त्यांच्या घरी गेले. लूमचा खटखटाट, दाराशी ओल्या चपला, कोपऱ्यात रिकाम्या कांड्यांचा ढीग. कुठलीला लाल सुताचा शेवट चिकटलेला, कुठलीला हिरव्याचा, कुठलीला जरीचा. त्या कांड्या रंगाप्रमाणे वेगळ्या कराव्या लागतात, आणि ते काम त्या स्वतः रात्री करत.

"हे बाळूला द्या," मी म्हणाले.

"सगळं विस्कटून ठेवंल की."

"ठेवू दे. पहिले चार दिवस विस्कटेल."

यंत्राची खोली बंद, पट्ट्याजवळ जायचं नाही, लांब सुताचे गुंते हातात द्यायचे नाहीत, कारण ते गळ्याभोवती अडकू शकतात. एवढं पक्कं ठरवून मधल्या सोप्यात तीन बुट्ट्या मांडल्या. आईनं त्याला शिकवलं नाही. स्वतः बसून दहा कांड्या टाकल्या आणि उठून कामाला लागल्या. बाळू आधी रडला, मग बुट्टी उपडी केली, मग ती डोक्यावर घालून फिरला. वीस मिनिटांनी मी चहा पीत होते तेव्हा तो खाली बसून एक कांडी डोळ्याजवळ धरून बघत होता. लाल की केशरी? त्यानं ती लालच्या बुट्टीत टाकली, परत काढली आणि केशरीसाठी जमिनीवर चौथी जागा केली. कुणी सांगितलं नव्हतं.

हे काम खेळापेक्षा मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे. चार वर्षांच्या मुलाला करमणूक फार लागत नाही, घरात आपला हात कुठंतरी लागतो हे त्याला हवं असतं. लसूण सोलणं, वाटाणे सोलणं, चपात्यांना पीठ लावणं, कपड्यांतले मोजे जोडीनं लावणं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, पानं, शंखशिंपले, खडे यांच्यावर मुलांना शिकवलं. वडगावात कांड्या आहेत, आणखी कुठं शेंगा असतील.

रडण्याबद्दल मात्र मी आधीच बजावलं होतं, कारण बहुतेक घरं इथंच हरतात. आजवर रडलं की मोबाईल मिळत आला, म्हणजे रडणं हे त्याचं चालणारं नाणं. ते चालेनासं झालं की मूल आधी जास्त जोरात रडून बघतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळस होतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी दया येते. कळसाला मोबाईल दिला तर मूल शिकतं की एवढं रडावं लागतं. चौथ्या दिवशी बाळूच्या आज्जी मला फोनवर म्हणाल्या, "बाय, पोरगं निळं पडायलंय रडून, देऊ काय?" मी म्हटलं, जवळ घ्या, पाठीवरनं हात फिरवा, पाणी द्या, पण मोबाईल नको. त्या बाईंनी धीर धरला. सहाव्या दिवशी रडणं दहा मिनिटांवर आलं.

जेवण वेगळं सोडवलं. ताटात नेहमीच्या निम्मं वाढायचं, सगळ्यांसोबत पाटावर बसवायचं, भरवायचं नाही. पहिले दोन दिवस तो जवळपास उपाशी उठला. वजन ठीक आहे हे डॉक्टरांकडून आधीच बघून घेतलं होतं, म्हणून आम्ही डगमगलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं भात खाल्ला. निम्मा सांडला.

मग ज्येष्ठ अमावस्या आली, आपल्याकडची मातीच्या बैलांची अमावस्या, कानडी शेजारी जिला 'मण्णेत्तिन अमावस्या' म्हणतात. आज्जी माहेरच्या हुक्केरीकडच्या. दरवर्षी त्या बाजारातून बैलांची जोडी आणत. यंदा मी म्हटलं, माती आणा. कुंभाराकडून दोन किलो माती आली. आज्जी पाय पसरून बसल्या, मातीला पाणी लावलं आणि अर्धं मराठी, अर्धं कन्नड असं बैलांशी बोलत सुरू झाल्या. बाळूचा पहिला बैल बसलेला निघाला, कारण पाय टिकेनात. त्यानं ज्वारीचे दाणे डोळे म्हणून लावले, दाणा आत गेला, परत लावला. दीड तास. आईनं मला तो बैल दाखवला तेव्हा शिंगावर त्याच्या बोटाची रेघ उमटलेली होती.

त्या दीड तासात आणखी एक गोष्ट घडली, ती मला मातीपेक्षा मोठी वाटते. बाळू कार्टूनमधलं हिंदी बोलायचा. आज्जीला हाक मारायलाही तेच. त्या दिवशी तो आज्जीचं ऐकून 'एत्तु' म्हणाला, मग 'बैल' म्हणाला, आणि दोन्ही शब्द एकाच बैलाचे कसे, म्हणून भांडला.

वडिलांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस रात्री मोबाईल बघणारच. तरी ठरलं की साडेसात ते नऊ घरातले सगळे फोन देवळीत. पहिल्या आठवड्यात दोनदा मोडलं. त्या वेळात बाळू वडिलांबरोबर चिंचोक्यांचा एकी-बेकीचा डाव खेळतो, आणि एकी-बेकी करता करता दहापर्यंत मोजायला शिकला. (तीन वर्षांच्या आतल्या मुलांना चिंचोके, बिया आणि पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नका. घशात अडकतात.)

एक गोष्ट वेगळी सांगते. मूल हाक मारली तर वळून बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर सगळं मोबाईलवर ढकलून थांबू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळूचं मी पहिल्याच भेटीत हे तपासून घेतलं होतं.

आता दुपारी कधी कधी बाळू कांड्या टाकून नुसता दारात बसतो, पागोळ्यांखाली वाटी धरतो, कंटाळतो, कुरकुरतो. त्याच्या आईला अजून वाटतं, काहीतरी द्यावं. मी म्हणते, बसू दे. अर्ध्या तासानं तो काहीतरी शोधतो. परवा वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत ओतून 'चहा' विकत होता.

रविवारी मात्र मामाच्या गावी सगळी भावंडं मोबाईल घेऊन बसतात. "तिथं काय करू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिथं भांडू नका, बघू दे थोडं. चिंचोक्यांची पिशवी मात्र बरोबर द्या. गेल्या रविवारी एक डाव सगळी पोरं खेळली, मग परत मोबाईलकडे वळली. बाळूही वळला. पण निघताना पिशवी विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून रिक्षा मागे वळवायला लावली त्यानं.