वाचकांचे प्रश्न: क्रेन न येणाऱ्या जागी आढे (छपराच्या माथ्याची आडवी तुळई) कसे चढवावे?

प्रश्न: गोव्यातल्या सत्तरीत चिऱ्यांचे (जांभा दगडाचे) सुटे घर आम्हीच बांधत आहोत. आतून लांबी 16.5 फूट, रुंदी 12 फूट. ऐनाच्या लाकडाचे 18 फुटी आढे (5 बाय 8 इंच) 14 फुटांवर दोन्ही त्रिकोणी भिंतींवर ठेवायचे आहे. वाट अरुंद, माणसे सहा. परांचीवरून खांद्याने चढवावे का?

उत्तर: नको. हे लाकूड 5 घनफूट भरते. सुकलेले ऐन धरले तर सुमारे 120 किलो, ओले असेल तर दीडशेच्या पुढे. सहा जणांना ते जमिनीवर जड नाही. पण परांचीवर एकाचा पाय हलला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो.

त्याऐवजी आढे एका कलत्या पाइपाच्या माथ्याला टांगून उचला. त्यासाठी 3 इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची 6 मीटरची अखंड लांबी घ्या (वजन साधारण 50 किलो). खोलीच्या लांबीभर जाणाऱ्या मध्यरेषेपासून 3 फूट बाजूला फूटभर खड्डा करून त्यात पाइप रोवा, बुड चिऱ्यांनी पक्के घट्ट करा आणि माथा मध्यरेषेवर कलवा. एवढा कल नसेल तर वर पोचल्यावर आढे पाइपाला घासते. भार आला की बुड मागे सरकू पाहते, म्हणून खड्ड्याची मागची बाजू आधी चिणा. माथ्याला 8 मिमी वायर रोपचे चार तणावे (चारी बाजूंनी ओढून धरणारे दोर), प्रत्येक टोकाला तीन क्लिपा. ते घराबाहेर पाइपाच्या उंचीइतक्या अंतरावर बांधा. माड असेल तर बुंध्याशी बांधा, वर नको. परांचीला किंवा ताज्या चिणाईला तर मुळीच नको.

उचलायला पाइपाच्या माथ्याला 1 टनी चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) टांगा. दुकानात सर्रास मिळतो तो 3 मीटर उचलीचा, तो तुम्हाला अपुरा पडेल. 6 मीटरचा मागा. आढ्याचा तोल साधणाऱ्या जागी गोणपाट गुंडाळून उचलायच्या पट्ट्याचे दोन वेढे द्या आणि तो चेन ब्लॉकच्या हुकात अडकवा. ती जागा मधोमधच असेल असे नाही, बुंध्याकडचे टोक जड असते. दोन्ही टोकांना लगामी दोर (खालून आढे आवरायला, फिरवायला) बांधा. 6 इंच उचलून थांबा, तणावे आणि बुड तपासा.

आता खरी अडचण: आढे खोलीपेक्षा लांब आहे. ते सरळ धरून वर नेता येणार नाही. लगामांनी ते आडवेच, पण खोलीच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके ठेवा (खोली 12 फूट रुंद असल्याने तसे ते आरामात मावते), त्रिकोणी भिंतींच्या माथ्याहून फूटभर वर गेले की फिरवून वरून उतरवा. भिंतीवर घासत ओढू नका. एकट्या उभ्या त्रिकोणी भिंतीला आडवा धक्का सोसत नाही. तिला दोन्ही बाजूंनी टेकू द्या. आढे ज्यावर बसेल तो काँक्रीटचा बेड निदान 7 दिवस पाणी मारून भिजत ठेवलेला असावा.

खाली कुणीही उभे राहायचे नाही, हुकूम एकाचाच. विजेची तार जवळून जात असेल तर पाइप उभा करण्याआधी वीज खात्याकडून पुरवठा बंद करून घ्या. मे महिन्यात दुपारनंतर वारे अचानक सुटतात, काम सकाळी उरका.

आढे बसले तरी साखळी सैल करू नका. दोन्ही टोकांना वाशांची पहिली जोडी ठोकून, पाचरी मारून मगच पट्टा काढा.