बिअरची केटल गॅसवरून विजेवर नेताना किती वॉटचं एलिमेंट लावावं?

तुम्ही अमेरिकेत आहात आणि एका वेळी ३० लिटर वर्ट (ज्याची पुढे बिअर होते ते माल्टचं गोड पाणी) उकळता, तर २४० व्होल्टचं ५५०० वॉटचं एलिमेंटच घ्या. २० अंश सेल्सिअसपासून उकळी यायला साधारण अर्धा तास लागेल. १२० व्होल्टवर १५०० वॉटने तेच काम दोन तासांवर जातं. ५५०० वॉटचं एलिमेंट सुमारे २३ अँपिअर ओढतं, म्हणून ३० अँपिअरची स्वतंत्र लाइन हवी. एलिमेंट लांब, दुमडलेलं, कमी वॉट-घनतेचं (म्हणजे पृष्ठभागाच्या मानाने कमी वॉटचं) बघा, नाहीतर वर्ट त्यावर करपतं आणि तो वास बिअरमधून जात नाही. एलिमेंट बसवायला केटलच्या स्टीलला भोक स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांच्या शंकूसारख्या बिटने), कमी वेगात, तेल सोडत पाडा. जीएफसीआय ब्रेकर (करंट गळताच वीज तोडणारा) आणि भांड्याचं अर्थिंग यांत कृपया तडजोड नको, सगळं काम ओल्या हातांनीच होतं. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. एलिमेंट पूर्ण बुडाल्याशिवाय स्विच चालू करू नका.