युरोपीय ऐतिहासिक चित्रपट : पहिले पाऊल

आपण वीस चित्रपटांची यादी मागितली आहे. मी मात्र सुरुवातीस एकच सुचवतो : इटालियन दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती यांचा ‘इल गातोपार्दो’ (म्हणजे ‘बिबट्या’, १९६३). १८६० साली इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गारिबाल्डी सिसिली बेटावर उतरला तेव्हा काय घडले, हे दोन पानांपुरते तरी आधी वाचावे, अन्यथा त्यातील वयस्क सरदाराची खिन्नता निव्वळ संथपणा वाटते. नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन :

- काटछाट केलेली इंग्रजी आवृत्ती निवडणे. सुमारे तीन तासांची इटालियन आवृत्तीच पाहावी.
- अभिनय संवादफेकीवरून जोखणे. इटालियन आवृत्तीत त्या सरदाराची भूमिका करणाऱ्या बर्ट लँकेस्टर या अमेरिकन नटाचा आवाज मुळी दुसऱ्याचाच आहे (मलाही हे फार उशिरा कळले). म्हणून त्याची चाल, आणि अखेरच्या प्रदीर्घ नृत्यसमारंभात आरशासमोर थबकलेला त्याचा चेहरा निरखावा.

सरदाराच्या तरुण भाच्याच्या भूमिकेतील अलँ दलोंचा उतावळेपणा त्याच्याशेजारी आपोआप उठून दिसेल. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन आणि त्याचा नट चेर्कासोव्ह यांच्याकडे त्यानंतर वळू.