जुन्या पद्मिनीत रोल केज आणि कॉइलओव्हर बसवायचेत; फॅब्रिकेटरला काय विचारावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्यात घरची जुनी पद्मिनी आहे, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून कॉइलओव्हर (शॉकअॅब्सॉर्बरवरच चढवलेली गुंडाळी स्प्रिंग) बसवायचेत, आत रोल केज (गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून पाइपांची चौकट) हवाय, आणि गाडी रस्त्यावरच चालवायची आहे. वागळे इस्टेटमधले एक जण म्हणतात, "दीड इंची पाइप घालतो, आठ दिवसांत गाडी घेऊन जा." त्यांना नेमकं काय विचारावं, असं तुम्ही विचारलंय.

रबाळे एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, १७ वर्षं झाली. मी तुमच्या जागी असतो तर पहिला प्रश्न हा विचारला असता: केजचे मागचे पाय कुठे उतरणार, आणि कॉइलओव्हरचं वरचं टोक कशाला बांधणार? केज हे एक काम आणि माउंट हे दुसरं काम असं धरून ते बोलायला लागले, तर गाडी तिथे सोडू नका. ही दोन कामं नाहीत, एकच आहे.

कारण सांगतो. पाट्यांच्या गाडीत मागचं वजन पाट्यांच्या दोन टोकांवाटे बॉडीत जातं, पुढच्या पिनेवर आणि मागच्या शॅकलवर. तिथला पत्रा कंपनीनेच दुहेरी करून, पेटीसारखा वाकवून मजबूत केलेला असतो. शॉकअॅब्सॉर्बरचं वरचं टोक मात्र जिथे बांधलेलं असतं, तिथे वजन कधी येतच नाही. तिथे येतो तो फक्त शॉकचा खेचाखेच करणारा जोर. आता त्याच भोकात कॉइलओव्हर अडकवला की त्या कोपऱ्याचं सगळं वजन त्या एका जागी येतं. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. मागच्या एका चाकावर दोनशे किलो धरा. घोडबंदर रोडवर पावसाळ्यातला एक खड्डा लागला की मी हिशेबात त्याची तिप्पट धरतो, म्हणजे सहाशे किलो. आणि हा दणका एकदाच नाही, रोज शेकडो वेळा.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. शेड सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा एका पाट्यांच्या जुन्या गाडीला मी कॉइलओव्हर बसवून दिले. वरच्या माउंटला ३ मिमीची छान चौकोनी प्लेट कापली, मूळ पत्र्यावर ठेवली आणि चारही बाजूंनी सलग वेल्ड मारला. वेल्ड इतका सुरेख आला होता की मी त्याचा फोटो काढून ठेवला. चार महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, गाडी परत आली. मागून टकटक आवाज येतो म्हणाले. वर घेऊन बॅटरीचा उजेड मारला तर वेल्ड शाबूत, प्लेट शाबूत, आणि प्लेटच्या कडेने पत्रा तीन बाजूंनी फाटलेला, पोस्टाचं तिकीट फाडावं तसा. चौथी बाजू तेवढी धरून होती. त्या गाडीत मागे दोन लहान मुलं बसायची. तो फोटो मी त्याच दिवशी पुसला.

जाड प्लेट आणि पातळ पत्रा यांच्या सीमेवरच ताण साचतो, आणि वेल्डच्या उष्णतेने तिथला पत्रा आधीच दुबळा झालेला असतो. म्हणून आता मी प्लेटचे कोपरे गोल करतो, प्लेट एका सपाटीत न ठेवता वाकवून शेजारच्या उभ्या भागावर चढवतो, आणि सलग वेल्डऐवजी इंच-इंचाचे तुकडे सोडतो, मध्ये भोकं पाडून भर घालतो. पण खरं उत्तर प्लेटमध्ये नाहीच. दोन्ही बाजूंच्या वरच्या माउंटना जोडणारा एक आडवा पाइप टाकायचा, आणि केजच्या मुख्य कमानीपासून मागे येणारे दोन तिरके पाइप नेमके त्याच जागी उतरवायचे. मग चाकाचा दणका पत्र्यात न राहता पाइपातून कमानीत, आणि कमानीतून खाली दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये (दाराखालच्या पेटीसारख्या भागात) जातो. म्हणून म्हटलं, काम एकच आहे.

आता त्या "दीड इंची"बद्दल. हा शब्द फसवा आहे. पाण्याच्या पाइपाच्या भाषेत दीड इंची म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी. ट्यूबच्या भाषेत दीड इंची म्हणजे बाहेरून ३८ मिमी. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला कमीत कमी ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० मिमी व्यासाचा आणि २ मिमी जाडीचा पाइप लागतो. ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालतो तो बाकीच्या पाइपांना. आणि तो कोल्ड ड्रॉन सीमलेस असावा लागतो, ताण सोसायची ताकद निदान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. त्यामुळे बाहेरचा व्यास किती, जाडी किती आणि सीमलेस आहे का, हे तिन्ही बिलावर लिहून मागा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सीमलेस ट्यूब मिळते, सोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. शेडमध्ये पडलेला पाइप दाखवला तर त्याच्या तोंडातून मोबाइलचा टॉर्च मारा. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ उंचवटा दिसला की तो पत्रा गुंडाळून शिवलेला ईआरडब्ल्यू पाइप. ग्रिलला, रेलिंगला तो उत्तम. माणसाच्या डोक्यावर मी तो घालत नाही.

पाइप वाकवतात कशावर, तेही बघून या. सायलेन्सरवाल्याच्या बेंडरवर किंवा वाळू भरून तापवून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो, आणि कमान पहिली मोडते ती तिथेच. वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या निदान तिप्पट हवी आणि वळणावर सुरकुती अजिबात नको.

कमानीचे पाय. मांडवाचा बांबू ओल्या मातीत रुततो म्हणून आपण खाली फरशीचा तुकडा ठेवतो, तेच इथे. पद्मिनीच्या फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास, त्यातही इतक्या वर्षांत खालून गंजलेला. त्यावर नुसता पाइप उभा केला तर गाडी उलटल्यावर कमान छत उचलून धरायच्या ऐवजी फ्लोअरमधून खाली निघेल. पायाखाली निदान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंमी क्षेत्रफळाची प्लेट लागते, आणि ती सिलवर चढलेली असली तर फारच चांगलं. त्याआधी कार्पेट आणि डांबराचा थर काढून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने फ्लोअर टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी पत्र्याचं काम, केज नंतर.

वेल्डिंग सीओटूवर करा किंवा आर्गनवर, माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. पाइपाचं तोंड दुसऱ्या पाइपावर माशाच्या तोंडासारखं नीट बसेपर्यंत घासलेलं असावं, फट वेल्डने भरून काढायची नाही. आणि त्यांच्याकडून त्याच पाइपाचा एक टी-जोड करून घ्या आणि तुमच्यासमोर कटरने मधोमध उभा कापायला सांगा. कापलेली बाजू घासून चकचकीत केली की वेल्ड पाइपात उतरलाय की नुसता वर बसलाय, ते साध्या डोळ्यांना दिसतं. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. उलट त्याला ते दाखवायला आवडतं.

आठ दिवस मला का कमी वाटतात, तेही सांगतो. माझ्याकडे पहिले दोन दिवस वेल्डचा एकही टाका पडत नाही. गाडी लेव्हलमध्ये घोड्यांवर घ्यायची, दारं जागेवर ठेवायची. मग बॉडीच्या ठरलेल्या खुणांवरून ओळंबा सोडायचा, तो स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि जमिनीवर खडूने ठिपका द्यायचा. असे आठ-दहा ठिपके झाले की डावा पुढचा ते उजवा मागचा आणि उजवा पुढचा ते डावा मागचा अशी कर्णांची मापं घ्यायची. जुन्या गाडीत ती बहुधा सारखी येत नाहीत. कधीतरी ठोकलेली असते, मालकालाही माहीत नसतं. वाकडी बॉडी केज घालून वेल्ड केली की ती कायमची वाकडी. सगळी जुळणी आधी वेल्डच्या छोट्या टाक्यांवर करायची, दारं उघडून-मिटून बघायची, आणि मगच पूर्ण वेल्ड, तोही एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. बॅटरीची दोन्ही टोकं सोडलेली, पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर, आणि खाली डांबर पेटेल म्हणून एक माणूस फक्त अग्निशामक घेऊन उभा.

पाटे काढल्यावर अॅक्सलला जागेवर धरणारं काहीच उरत नाही, हे बरेच जण विसरतात. पाटा स्प्रिंगही असतो आणि अॅक्सलला बांधून ठेवणारा दोरही. त्याच्या जागी अॅक्सलला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्या, म्हणजे चार लिंक (त्यांतल्या दोन तिरक्या), किंवा तीन लिंक आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड लागतो. ब्रेक मारला की अॅक्सल गोल फिरू पाहतो, तो जोर या लिंकांच्या ब्रॅकेटवर येतो. म्हणून ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी कान हवेत, एका कानावर लटकलेला बोल्ट नको. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा, आणि कानाच्या आत त्याचा गुळगुळीत भाग यावा, आटे नाहीत. पेटीतून बोल्ट आरपार जात असेल तर आत स्लीव्ह घालून वेल्ड केलेली हवी, नाहीतर आवळताना पेटी दबते आणि बोल्ट कायम ढिला राहतो. अॅक्सलच्या नळीवर वेल्ड करताना ती वाकते, तेव्हा थोडं-थोडं, थंड होऊ देत. लिंकांना रबराचे बुश घ्या. रोझ जॉइंट (धातूच्या गोळ्याचे सांधे) दिसायला देखणे, पण आपल्या धुळीत आणि पावसात लवकर खडखडायला लागतात. कॉइलओव्हर फार तिरका ठेवू नका. ३० अंश कलला की स्प्रिंगचा ताठपणा चाकापाशी तीन चतुर्थांशच उरतो.

सगळं बसल्यावर स्प्रिंग काढून, नुसत्या जॅकवर चाक अगदी खालपासून अगदी वरपर्यंत न्या. प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेकचा होज, सायलेन्सर, टायर, कुठे काय घासतं ते हात घालून बघा. बंप रबर धातूला धातू लागायच्या आधी टेकलं पाहिजे.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायलाच हवं. रस्त्यावरच्या गाडीत पुढच्या सीटभोवती पूर्ण केज मी करून देत नाही. शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असतं, अंगावर सहा पट्ट्यांचा हार्नेस असतो. पाम बीच रोडला तुम्ही साध्या पट्ट्यात, उघड्या डोक्याने बसणार. साध्या धडकेतसुद्धा डोकं बाजूच्या पाइपावर आपटेल, आणि मूळ गाडीत जिथे खरचटलं असतं तिथे कवटी फुटेल. पाइपावरचा फोम हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी असतो. तुमच्या वापराला पुढच्या सीटच्या मागे एक कमान, तिच्यात एक कर्ण आणि मागे दोन तिरके पाइप, इतकंच पुरे. माउंटनाही तेवढंच लागतं. मात्र मग मागच्या सीटवर कोणी बसायचं नाही. घरचं कोणी मागे बसणार असेल तर केज नकोच, आणि पाटेच नवे करून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची गाडी १५ वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला ती तपासणीस दाखवावीच लागणार. म्हणून कटर लावण्याआधी ठाणे आरटीओत रेखाचित्र घेऊन जा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. गाडी फक्त स्पर्धेसाठी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एफएमएससीआय या भारतातल्या मोटारशर्यतींच्या संघटनेचे नियम पाळायचे आणि गाडी ट्रेलरवरून न्यायची.

एवढं करूनही काम करायचं ठरलं, तर गाडी ताब्यात घेताना प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर येईल अशी रंगाची एक रेघ ओढून घ्या. पहिल्या शंभर आणि मग पाचशे किलोमीटरला खाली झोपून बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय, आणि माउंटच्या कडेला रंगात केसाएवढी जरी चीर दिसली तरी गाडी तिथून चालवत नेऊ नका, टो करून आणा.