लंडनमध्ये आठही दिवस पाऊस दाखवतायत, मग फिरायचं कधी?

प्रश्न : आम्ही एप्रिलच्या मध्यावर 8 दिवस लंडनला मुलीकडे जातोय. मी, मिस्टर आणि सासूबाई (वय 71, गुडघ्यांचा त्रास). फोनवर वेदर बघते तर आठही दिवसांवर ढग आणि थेंबाचं चित्र! मुलगी दिवसभर ऑफिसला, त्यामुळे फिरायचं आमचं आम्हालाच आहे. मिस्टर म्हणतात सगळी तिकिटं आत्ताच काढून टाकू, स्वस्त पडतात. काढू का? आणि पाऊस लागला तर काय, घरात बसून खिडकीतून बघायचं का लंडन?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी त्या थेंबाच्या चित्राची भीती काढून टाका. ते चित्र म्हणजे त्या दिवसात कधीतरी पाऊस, दिवसभर पाऊस नव्हे. लंडनला वर्षभरात मिळून साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या सांताक्रूझला 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 पडला होता, म्हणजे लंडनचा दीड वर्षांचा पाऊस आपण एका दिवसात बघितलेली माणसं आहोत. तिथला पाऊस भिजवत नाही हो, वैताग देतो. चिरचिर चिरचिर येतो, वीस मिनिटात थांबतो, लख्ख ऊन पडतं, तुम्ही जॅकेट काढून हातावर टाकता आणि परत येतो.

एप्रिलमध्ये मात्र त्याच्या येण्याला थोडी शिस्त असते. वरची हवा अजून गार असते, सकाळच्या उन्हानं जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि दुपारपर्यंत ढग होऊन सरी सुरू. त्यामुळे सकाळ बाहेर आणि दुपार छपराखाली, हा माझा साधा नियम. अटलांटिकवरून येणारा मोठा ढगांचा पट्टा असेल तर तो सकाळपासूनच धरून बसतो, पण तो मेट ऑफिसच्या (तिथलं हवामान खातं) पावसाच्या नकाशावर येताना दिसतो, सकाळी चहा पिता पिता तेवढा बघायचा. पाच-सहा दिवसांपुढचं फोरकास्ट तर बघूच नका, नुसता जीव खालीवर होतो.

आता खरी गोष्ट. दिवसांचा प्लॅन करू नका, जोड्या लावा. प्रत्येक बाहेरच्या जागेला जवळचं एक छप्पर. म्हणजे सेंट जेम्स पार्कमध्ये पेलिकन बघताय (1664 मध्ये रशियाच्या वकिलानं राजाला भेट दिलेले, तेव्हापासून तिथं पेलिकन आहेत) आणि सर आली, तर ट्रफाल्गर चौकात नॅशनल गॅलरी, फुकट, आत बसायला मऊ बाकं. केन्सिंग्टन गार्डनला व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) आणि नॅचरल हिस्टरी म्युझियमची जोडी, तिथं तर साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून जमिनीखालून बोगदाच आहे म्युझियमच्या दारापर्यंत, पाऊस लागायचा प्रश्नच नाही. (व्ही अँड एला वाघनखं बघायला म्हणून जाऊ नका, ती 2024 मध्ये 3 वर्षांसाठी महाराष्ट्रात आलीयेत. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ मात्र तिथंच आहे, माणसाच्या छातीवर बसलेला, तो बघा.) ग्रीनिचला टेकडीवरची वेधशाळा आणि खाली मॅरिटाइम म्युझियम. टेकडी चढ आहे, सासूबाईंना खाली म्युझियममध्ये बसवा आणि तुम्ही दोघं वर जाऊन या, त्यांना वाईट वाटणार नाही, माझ्या आईला तर उलट बरं वाटलं होतं.

एक जोडी मला विशेष आवडते. प्रिमरोझ हिलवर जा, छोटीशी टेकडी, वरून अख्खं शहर दिसतं, आणि तिथून थोडं चाललं की 10 किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये शिकायला होते तेव्हा या घरात राहायचे, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. साधं विटांचं घर, शेजारच्या घरांसारखंच, भिंतीवर निळी गोल पाटी. उघडं असायची वेळ तेवढी आधी बघून निघा.

तिकिटांचं : मिस्टरांना सांगा, सगळी नाही. जिथं बघायचं ते छपराखाली आहे त्याचं आत्ताच काढा, उदाहरणार्थ टॉवर ऑफ लंडन. तिथं कोहिनूर आहे, एलिझाबेथ राणीच्या (दुसऱ्या) आईच्या मुकुटात, आणि दागिन्यांसमोर सरकता पट्टा आहे त्यावर नुसतं उभं राहायचं, सासूबाईंना सोयीचं. तिथल्याच व्हाइट टॉवरचे गोल जिने त्यांना नको. उंचावरून शहर बघायचं तिकीट मात्र आदल्या दिवशी आकाश बघून काढा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मी एकदा दीड महिना आधी स्वस्तात घेतलं होतं, नाव सांगत नाही, वर गेलो तर काचेबाहेर नुसतं पांढरं आणि काचेवर ओघळणारे थेंब, आत्या म्हणाली यापेक्षा माळशेज घाटात गेलो असतो, वडापाव तरी मिळाला असता! स्काय गार्डन (उंच इमारतीच्या माथ्यावरची काचेतली बाग) याला अपवाद, ते फुकट आहे पण आधी बुक करावं लागतं, तर करून ठेवा, ढग आले तर काही गेलं नाही.

आणि भर पावसात करायची माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे बस. ट्रफाल्गर चौकातून 15 नंबरची बस घ्या, सेंट पॉल्सवरून टॉवरपाशी नेते. तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर पुढच्या काचेला बसा, काच आतून धुरकट होते, रुमालानं गोल पुसायची आणि त्या गोलातून खाली छत्र्याच छत्र्या. सासूबाईंना खालीच बसवा, जिन्यात असताना बस निघाली की तोल जातो. एका तासात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच पडतं, फक्त प्रत्येकानं आपापलं कार्ड (बँकेचं कॉन्टॅक्टलेस किंवा तिथलं ऑयस्टर) लावायचं. ट्यूबमध्ये (तिथली भुयारी रेल्वे) बऱ्याच स्टेशनांवर जिने आहेत, गुडघेवाल्यांना शक्यतो एलिझाबेथ लाइन बरी, तिथं लिफ्ट आहेत.

प्रश्न : छत्री न्यावी की रेनकोट?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : टोपीवालं विंडचीटर, बास. छत्री नदीवरच्या पुलावर गेलात की उलटी होते, पूल संपल्यावर कचऱ्याच्या डब्यात अशा दोन-तीन काड्या वर आलेल्या छत्र्या हमखास दिसतात. आणि एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा पातळ पातळ तीन कपडे न्या, कारण बाहेर 9 डिग्री आणि ट्यूबच्या सेंट्रल लाइनच्या डब्यात एसी नाही, तिथं घाम फुटतो. बूट आधी घरी वापरून मग न्या. आपल्या पावसाळी सँडल नकोत, पाय गार पडले की माणूस चिडतो आणि मग सगळ्यांवरच चिडतो.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे, डिसेंबरच्या सुट्टीत 20 ते 27 लंडन करणार. अंधार लवकर होतो म्हणे, मग दिवस वाया जातो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चारच्या आधी सूर्य गेलेला असतो हे खरं. उजाडतंच आठला, त्यामुळे नऊला बाहेर पड, तीनपर्यंत बाहेरचं उरक, मग म्युझियम. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत आणि नॅशनल गॅलरी नऊपर्यंत उघडी असते, पण नाताळच्या आठवड्यात वेळा बदलतात, वेबसाइटवर बघूनच जा. पण पावसापेक्षा मोठा घोळ तुझ्या तारखांत आहे. 25 डिसेंबरला तिथं ट्यूबही नसते आणि बसही नसते. एकही नाही. त्या दिवशी राहायला मध्यवस्तीत असशील तर पायी फीर, रिकामं वेस्टमिन्स्टर बघायला मिळेल जे एरवी कधीच मिळत नाही. लांब कुठं हॉस्टेल घेतलं असशील तर आत्ताच बदल, आणि 24 लाच ब्रेड, दूध, मॅगी आणून ठेव, दुकानंही बहुतेक बंद असतात.